नवी मुंबईतली ओपीडी सोडून इंग्लंडला यावं का?

ताई, नवी मुंबईतल्या वाढत्या हॉस्पिटलमध्ये स्त्री-आरोग्याच्या फिजिओथेरपीत इतकी वर्षं काढल्यावर इंग्लंडला यावं का आणि इथे त्या अनुभवाला किंमत मिळेल का, असं तुम्ही विचारलंत. मी मूळची ठाण्याची, इथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

किंमत मिळते, पण अनुभव कागदावर दिसला तरच. तिकडे गायनॅक डॉक्टर तुम्हाला नावाने ओळखतात, फोन करून पेशंट पाठवतात. इथे प्रत्येक जाहिरातीसोबत पात्रतेचे निकष येतात आणि एकेका निकषावर तुमच्या अर्जाला गुण दिले जातात. 'अनेक वर्षं ओबीजीत (प्रसूती व स्त्रीरोग विभागात) काम' एवढं लिहून भागत नाही. योनीमार्गातून तपासणी स्वतः करता का, पेल्विक फ्लोअरची (ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंची) ताकद ऑक्सफर्ड ग्रेडिंगने, म्हणजे 0 ते 5 अशा श्रेणीत, नोंदवता का, बाळंतपणात थर्ड डिग्री टिअर (गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलेली फाट) झालेल्या बाईचा पाठपुरावा कसा करता, हे उदाहरणांसह लिहा.

यात तपासणीचा मुद्दा सगळ्यात मोठा. ठाण्यात माझ्याकडे कितीतरी जणी सासूबाईंबरोबर यायच्या. कंबरदुखी सांगायच्या, आणि शिंकताना लघवी सुटते हे तोंडातून निघायला दोन-तीन भेटी जायच्या. तिथे तपासणीचा विषय काढणंही अवघड, त्यामुळे बऱ्याचदा नुसते व्यायाम शिकवून पाठवावं लागायचं. इथे तपासणी कशासाठी, कशी होणार, नको असेल तर दुसरा मार्ग कोणता, हे सगळं समजावून संमती घ्यायची आणि ती नोंदवायची. सोबत आणखी कोणी हवं का, हेही विचारायचं. मुलाखतीत यावर हमखास प्रश्न येतो. ही पद्धत तुमच्या ओपीडीत आजपासूनच सुरू करा. इकडे आलात किंवा नाही, तुमच्या पेशंटचा तो हक्कच आहे.

काम मात्र मनापासून आवडेल. खोकताना-शिंकताना लघवी सुटत असेल तर निदान तीन महिने देखरेखीखाली पेल्विक फ्लोअरचे व्यायाम हा पहिला उपचार, असं नाइसच्या (इथे उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेच्या) 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचनं. या तक्रारीसाठी शरीरात कृत्रिम जाळी (मेश) बसवण्याच्या शस्त्रक्रियांवर जुलै 2018 मध्ये इंग्लंडमध्ये स्थगिती आली. जाळीमुळे त्रास झालेल्या बायकांनी त्यासाठी मोठा लढा दिला होता. अंग बाहेर येतंय म्हणून घाबरलेल्या बाईला इथे मी पूर्ण वेळ देऊ शकते, आणि तिच्या उपचाराबद्दल माझं मत डॉक्टर विचारात घेतात.

हुद्द्याची तयारी मनाने करून या. एनएचएसमध्ये नवे फिजिओ बँड 5 वर (बँड म्हणजे हुद्दा आणि पगाराची श्रेणी) लागतात आणि ऑर्थो, न्यूरो, वॉर्ड असे फिरत राहतात. स्त्री-आरोग्याच्या जागा बहुतेक बँड 6 पासून पुढे. परदेशातून आलेल्या अनुभवी व्यक्तीलाही कधी कधी खालच्या बँडवर सुरुवात करावी लागते. विभागप्रमुख म्हणून राहिलेल्या माणसाला ते जड जातं. तुम्ही विभाग उभा केला आहे, म्हणून हे आधीच सांगते. पटत असेल तरच पुढे जा.

नोंदणी एचसीपीसीकडे, म्हणजे इथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक संस्थेकडे. तिच्याशिवाय इथे स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेणंही बेकायदा आहे. आयएल्ट्स या परीक्षेने इंग्रजी दाखवणार असाल तर एकूण 7 आणि कुठल्याही भागात 6.5 पेक्षा कमी नको. खरा वेळ जातो तो कॉलेजकडून अभ्यासक्रमाचा तपशील भरून आणण्यात. बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) होऊन बराच काळ लोटला असेल तर कॉलेजच्या ऑफिसात एखाद्या मेलवर विसंबू नका, स्वतः जाऊन बसा. शिक्षणात काही कमी निघालं तर अनुभव बघतात, म्हणून त्याचे पुरावे तयार ठेवा. व्हिसा हेल्थ अँड केअर वर्करचा. त्यावर आरोग्य अधिभार (व्हिसासोबत एनएचएससाठी भरावी लागणारी रक्कम) माफ आहे. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ वाचा; एजंटच्या शब्दावर पैसे भरू नका.

माझं मत विचाराल तर लगेच राजीनामा देऊ नका. नोंदणी होऊन नोकरीचं पत्र हातात येईपर्यंत तिथेच राहा आणि तेवढ्या काळात एखाद्या ज्युनिअरला तुमची ओपीडी आणि गरोदर बायकांचा वर्ग सोपवण्याइतकं तयार करा. नाहीतर तुम्ही निघालात की त्या खोलीत मशीनं येतील आणि बायकांचा वर्ग बंद पडेल. हॉस्पिटलकडून अनुभवाचं पत्र घेताना त्यात हुद्दा आणि तारखांबरोबर स्त्री-आरोग्याच्या कामाचं स्वरूप आणि आठवड्याचे तास लिहून घ्या. मसुदा तयार झाला की मला पाठवा, मी वाचून सांगते.