व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ वर येताय? आधी हे वाचा

२०१९ ची आवृत्ती लगेच काढू नका. दोन्ही एकाच मशीनवर सुखाने नांदतात, आणि जुनी एक्स्टेन्शन्स (जास्तीच्या सोयी जोडणारे छोटे प्रोग्राम) नव्यात चालतीलच असं नाही. कारण २०२२ च्या आवृत्तीपासून हा आयडीई (कोड लिहिण्याचं, चालवण्याचं सॉफ्टवेअर) ६४-बिट झाला. आधीच्या ३२-बिट प्रोसेसला फार तर ४ जीबी मेमरी वापरता यायची, त्यामुळे मोठं सोल्यूशन (एकत्र ठेवलेले प्रोजेक्ट) उघडलं की तो गुदमरायचा. आता तसं होत नाही.

पण नवशिक्याने खरं शिकावं ते हॉट रीलोड. प्रोग्राम चालू ठेवून मेथडमधली ओळ बदला, टूलबारवरच्या ज्वाळेच्या बटणावर क्लिक करा. बदल तिथल्या तिथे लागू होतो, भरलेला फॉर्म तसाच राहतो. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा: जो कोड एकदा चालून गेला, तो पुन्हा आपोआप चालत नाही. सुरुवातीच्या कॉन्फिगरेशनमध्ये बदल केलात आणि काहीच फरक दिसला नाही, तर बग शोधत बसू नका, प्रोग्राम रीस्टार्ट करा. काही बदलांना रीस्टार्ट लागतोच; तेव्हा आयडीई स्वतःच सांगतो.

इंटेलिकोड ही सोय कोडची अख्खी ओळ फिकट अक्षरांत सुचवते. ती वाचा, समजून घ्या, मगच टॅब दाबा. शिकण्यासाठी मोफत कम्युनिटी आवृत्ती भरपूर झाली.