अमेरिकेतल्या १९९२ च्या माझदा मियाटा गाडीचे हेडलाइट रात्री फारच मिणमिणते वाटतात, काय बदलू?

भाऊ, एलईडी बल्बच्या मागे लगेच धावू नका. या गाडीत ७ इंची गोल सील्ड बीम येतात, म्हणजे काच, रिफ्लेक्टर, फिलामेंट सगळं एकातच, आणि लो बीम साधारण ३५ वॉटचा, मग उजेड पडणार कुठून! आधी चालू लाइटच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघा, कारण इतक्या जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज ड्रॉप (वाटेतली गळती) असतोच आणि व्होल्टेज १० टक्के घसरलं की उजेड जवळजवळ ३० टक्के जातो. तसं निघालं तर बॅटरीवरून थेट फ्यूज आणि रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) असलेलं हार्नेस, म्हणजे वायरचा तयार जुडगा, टाका, खरा फरक तिथेच पडतो. मग एच४ (बदलता येणाऱ्या बल्बचा एक प्रकार) चे ७ इंची हाउसिंग आणि साधे ६०/५५ वॉटचे हॅलोजन बल्ब, बास. हाउसिंग घेताना ते उजव्या बाजूच्या ट्रॅफिकचंच आहे ना बघा, भारतातून मागवलेलं तिकडे समोरच्याच्या डोळ्यात मारेल (आणि डॉटचा, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा, शिक्का नसेल तर काही राज्यांत इन्स्पेक्शनला अडवतात). हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसलात तर बीम फाटतो, म्हणजे उजेड भलतीकडेच विखुरतो, एलईडीच हवे असतील तर अख्खा ७ इंची एलईडी लॅम्पच घ्या. बसवल्यावर भिंतीसमोर गाडी लावून अ‍ॅडजस्टमेंट मात्र नक्की करा.