वाचकांचे प्रश्न : रडारवरचा आकडा सारखा का बदलतो?

प्रश्न : आमचा ट्रॉलर गोव्यातील मालीम जेटीवरून निघतो. त्यावर टार्गेट ट्रॅकिंगची, म्हणजे खूण केलेल्या जहाजाचा माग ठेवण्याची, सोय असलेले रडार नुकतेच बसवले. एका रात्री मुरगावकडे येणाऱ्या मोठ्या जहाजावर खूण केली, तेव्हा दोघांमधले सर्वांत कमी अंतर, म्हणजे सीपीए, 0.9 सागरी मैल दिसत होते. तांडेलाने नाव जरा उजवीकडे घेतली तर तो आकडा 0.2 झाला, पुन्हा थोडी वळवल्यावर 1.1 झाला. यंत्र सदोष आहे काय? (एक वाचक, बेती)

उत्तर : आपण सांगितलेल्या लक्षणांवरून यंत्रात बिघाड असेल असे वाटत नाही. रडार दुसऱ्या जहाजाचा मार्ग प्रत्यक्ष पाहत नाही. अँटेनाच्या प्रत्येक फेरीत त्याला केवळ अंतर आणि दिशा मिळते, अशा अनेक नोंदींमधून ते एक सरळ रेषा काढते, आणि दोन्ही नावा आहेत त्याच वेगाने व त्याच दिशेने जात राहिल्या तर काय होईल एवढेच सांगते. आपण वळलात की ती रेषा मोडते व नवी रेषा जुळेपर्यंतचे आकडे अर्धवट असतात. जहाजांवरील रडारसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठरवलेल्या मानकानुसार लक्ष्याच्या, म्हणजे खूण केलेल्या जहाजाच्या, हालचालीचा कल 1 मिनिटात आणि पुढच्या मार्गाचा अंदाज 3 मिनिटांत मिळावा लागतो. आपले जहाज 6 नॉट (तासाला 6 सागरी मैल) आणि समोरचे 12 नॉट वेगाने एकमेकांकडे येत असेल, तर तेवढ्या 3 मिनिटांत मधले अंतर 0.9 मैलाने घटते. तेव्हा लक्ष्य लांबवर असतानाच पकडावे आणि नाव मार्गावर स्थिर ठेवून आकडा बसू द्यावा.

लहान नावेच्या बाबतीत दिशा-संवेदकाकडे, म्हणजे नावेचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते रडारला सांगणाऱ्या उपकरणाकडे, अधिक लक्ष द्यावे लागते. लाटांवर नाव डोलते, संवेदक मागे पडतो, आणि 6 मैलांवरच्या लक्ष्याची दिशा 1 अंशाने चुकली तरी ते पडद्यावर सुमारे 190 मीटर बाजूला सरकते; 3 अंशांनी चुकली तर जवळजवळ 600 मीटर. रडारवर भरपूर पैसे खर्च करून हा भाग स्वस्तातला घेण्याची प्रवृत्ती मला घातक वाटते. तो लाउडस्पीकर किंवा लोखंडी वस्तूंपासून दूर बसवलेला आहे ना, हे तपासून घ्यावे.

मात्र आपल्या तांडेलाचे ते थोडेथोडे वळणे मला अधिक खटकले. 1972 च्या टक्कर प्रतिबंधक नियमांतील नियम 8 म्हणतो की, वेग किंवा दिशा बदलायची ती दुसऱ्याच्या डोळ्यांना अथवा रडारला सहज कळेल इतकी ठळक असावी, लहान बदलांची मालिका टाळावी. त्या जहाजावरचे रडारही आपला माग ठेवत असते. आपण दर मिनिटाला 5 अंश वळत राहिलात तर त्याच्या पडद्यावर आपली रेषा कधीच स्थिरावत नाही, आणि आपण नेमके काय करत आहात ते तिथल्या अधिकाऱ्याला उमगत नाही. लाकडी वा फायबरच्या नावेचा प्रतिध्वनी मुळातच दुबळा असतो. 31 जुलैला मासेमारीबंदी संपून नावा पुन्हा निघतात तेव्हा समुद्र बहुधा खवळलेला असतो, आणि लाटांच्या गोंधळात तो प्रतिध्वनी हरवतो, किंवा शेजारून दुसरा ट्रॉलर गेला की माग त्याच्यावरच उडी मारतो. नियम 7 म्हणूनच अपुऱ्या रडार-माहितीवरून तर्क करू नये असे बजावतो.

धुक्यात किंवा मुसळधार पावसात समोरचे जहाज दिसत नसेल आणि ते आपल्या पुढच्या बाजूला असेल, तर ते आपण मागे टाकत असलेले नसल्यास डावीकडे वळणे टाळावे. दिसत असेल तर होकायंत्रावर त्याची दिशा घ्यावी. अंतर कमी होत असताना ती जवळजवळ तशीच राहिली, तर पडद्यावर काहीही असो, टकरीचा धोका आहे असेच धरावे.

यंत्राची खात्री करून घ्यायची असेल तर दिवसा, चालत्या नावेतून, मुरगाव बंदराच्या एखाद्या स्थिर बोयावर (नांगरून ठेवलेल्या तरंगत्या खुणेवर) खूण करावी. रडारला वेग जीपीएसकडून मिळत असेल तर काही मिनिटांनी त्याचा खरा वेग शून्याजवळ यायला हवा. बोया चालताना दिसला, तर दुरुस्ती करणाऱ्याला आधी दिशा-संवेदकच दाखवावा.