चोरीआधीच्या चादरी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझी २० मिनिटांची संहिता दोनदा वाचली. हप्ते थकले म्हणून रिक्षा ओढून नेतात आणि रिक्षावाला दिवसभर वणवण फिरतो. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंयस, ‘डी सिकासारखं करायचंय. खरी माणसं, खरे रस्ते, संवाद तिथल्या तिथे.’ म्हणून आज डी सिकाबद्दलच लिहितो.

व्हित्तोरिओ डी सिका १९३०च्या दशकात इटलीचा लाडका नट होता. देखणा, गाणारा. दिग्दर्शनाकडे वळला तो १९४० साली. त्यामुळे पुढे कारखान्यातल्या कामगाराला त्याने कॅमेऱ्यासमोर उभं केलं, तेव्हा अभिनय कशाचा बनतो हे त्याला आतून ठाऊक होतं. ‘बायसिकल थीव्ह्ज’च्या (१९४८) पटकथेला चेझारे झावात्तिनीसकट सहा-सात जणांची नावं आहेत. आवाजसुद्धा इटलीतल्या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे नंतर डब केलेले. ‘तिथल्या तिथे’ हे त्याच्या नावावर खपवू नकोस.

आता तुझा पहिला सीन. रिक्षा तू पहिल्याच मिनिटाला घालवलीस. ‘बायसिकल थीव्ह्ज’मध्ये सायकल चोरीला जायच्या आधी काय काय होतं बघ. त्यातला नायक अंतोनिओ. त्याला भिंतींवर पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं, पण त्यासाठी सायकल हवी आणि सायकल तर गहाण. त्याची बायको मारिया तरातरा जाऊन पलंगावरच्या चादरी ओढून काढते. तिच्या लग्नातल्या चादरी. त्या गहाण टाकून सायकल सुटते. मग अंतोनिओला दिसतं, तिथला माणूस त्यांचं गाठोडं घेऊन मांडणीवर चढतोय, आणखी वर चढतोय, आणि थेट वरपर्यंत दुसऱ्यांच्या चादरींचीच गाठोडी रचलेली आहेत. त्या एका दृश्यात अख्खं शहर गहाण पडलेलं दिसतं. म्हणून सायकल जाते तेव्हा आपल्या पोटात खड्डा पडतो. तुझ्या रिक्षासाठी घरातलं काय गेलं? कुणाचं मंगळसूत्र, कुणाचा भिशीचा नंबर? संहितेत त्याचा पत्ताच नाही.

१९५२ साली मुंबईतल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा सिनेमा बिमल रॉय यांनी पाहिला आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. त्यांनी सायकल उचलली नाही. त्यांनी जमीन आणि कोलकात्याची हातरिक्षा शोधली. घ्यायचं तर असं घ्यावं.

डी सिकाचाच ‘उंबेर्तो डी.’ (१९५२) मी पहिल्यांदा फिल्म सोसायटीच्या १६ मिमी प्रिंटवर पाहिला, शाळेच्या हॉलमध्ये, लोखंडी खुर्चीवर. त्यात घरकाम करणारी पोरगी पहाटे उठते. भिंतीवर काडी ओढते, पेटत नाही, पुन्हा ओढते. भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी मारते. कॉफी दळायला बसते, पाय लांब करून अंगठ्याने दार लोटते, आणि दळता दळता डोळे भरून येतात. ती गरोदर आहे, हे आपल्याला आधीच माहीत असतं. मी तेव्हा संकलनाची उमेदवारी करत होतो. यातलं काहीही सहज कापता आलं असतं. त्याने कापलं नाही. त्या सकाळपासून कात्री उचलताना माझा हात जरा थांबतो.

हा सिनेमा इटलीत चालला नाही, सरकारातल्या मंडळींनाही रुचला नाही. डी सिका पैशासाठी दुसऱ्यांच्या सिनेमांत कामं करत राहिला. पुढचे सोफिया लॉरेनबरोबरचे सिनेमे गाजले, ‘टू विमेन’साठी तिला ऑस्कर मिळालं. ते बघ, पण सावकाश बघितलंस तरी चालेल.

एक गोष्ट मात्र शूटिंगआधी ऐक. ‘बायसिकल थीव्ह्ज’मध्ये अंतोनिओ झालेला लाम्बेर्तो माज्जोरानी खरोखरच कारखान्यात काम करायचा. सिनेमा जगभर गेला आणि त्याची कारखान्यातली नोकरी गेली. मग त्याने छोट्या-मोठ्या भूमिका केल्या, पण तसं काम पुन्हा मिळालं नाही. मला तो चेहरा पडद्यावर दिसला की हे आठवतंच. तू तुमच्या नाक्यावरच्या रिक्षावाल्या काकांना घेणार म्हणतोस. त्यांचा दिवसाचा धंदा किती होतो ते विचार आणि तो आकडा बजेटच्या पहिल्या ओळीत लिही. कॅमेऱ्याच्या भाड्याच्याही वर.

रविवारी दुपारी घरी ये. सुरुवातीची ५ मिनिटं नव्याने लिहून आण, रिक्षा अजून दारात उभी असतानाची.

तुझा,
सर