जांभ्याच्या चिऱ्यात घर बांधणाऱ्यांसाठी दोन शब्द
कोकणात प्रथमच घर बांधताय, तर दर विचारण्याआधी खाणीवर स्वतः जाऊन या. जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा सच्छिद्र दगड, वरच्या थरात कठीण असतो आणि जसजसे खाली जावे तसतशी त्यात पांढरट-पिवळट माती वाढत जाते. त्यामुळे एकाच खाणीतला चिरासुद्धा (कापून काढलेला दगडी ठोकळा) सारखा नसतो. चिरा हातोडीने हलकेच वाजवून पाहावा : खणखणीत वाजला तर घ्यावा, बद्द वाजला तर बाजूला ठेवावा. मातीच्या जागी नखाने कोरले आणि भुगा पडला, तर तो चिरा बाहेरच्या भिंतीला मुळीच लावू नये.

ताजा चिरा मऊ असतो, वारा-ऊन लागल्यावरच तो टणक होतो. म्हणून दिवाळीनंतर माल आणून काही आठवडे रचून ठेवावा. (मी घाई केली होती, गाडीतून उतरवतानाच कितीतरी चिऱ्यांचे कोपरे उडाले.) बांधण्यापूर्वी चिरे पाण्याने चांगले भिजवावेत, नाहीतर सच्छिद्र दगड मसाल्यातले पाणी शोषून घेतो आणि सांधे कच्चे राहतात. जोत्याला शक्यतो काळा दगडच वापरावा आणि छपराच्या पागोळ्या भिंतीपासून भरपूर बाहेर काढाव्यात.