पाळक (मंडळीचे धर्मगुरू) महिन्यातून एकदाच येतात. गावातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीच्या सभा आणि प्रार्थना कशा चालवाव्यात?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दारव्ह्याकडचं गाव, 22 ख्रिस्ती घरं. पाळकसाहेबांकडे पाच गावं, म्हणून ते महिन्यातून एकाच रविवारी येतात. बुधवारच्या प्रार्थनासभेला चार-पाच म्हातारी माणसं उरलीत आणि 29 व्या वर्षी चिटणीसपद तुमच्या गळ्यात पडलंय.

मीही यवतमाळ जिल्ह्यातलाच. कापूस-तुरीची सात एकर शेती आहे आणि 19 घरांच्या मंडळीचा चिटणीस म्हणून अकरा वर्षं काढली. धर्मशास्त्र शिकलेलो नाही. बरंचसं चुकून शिकलो, तेच सांगतो.

सगळ्यात आधी, नवीन कार्यक्रम काढायच्याही आधी, तुमच्या 22 घरांतली कोणती घरं एकमेकांशी बोलत नाहीत ते शोधा. लोक येत नाहीत म्हणजे भक्ती थंडावली, असं मीही समजत होतो आणि पंचसभेत, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांच्या बैठकीत, तावातावाने बोलायचोही. खरं कारण होतं दोन चुलतभावांमधला धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा वाद. एक सभेला आला की दुसरा यायचा नाही, आणि दोघांच्या नात्यातली मिळून सात घरं होती. 19 मधून सात गेली की काय उरतं ते तुम्हीच बघा. चाळीसेक वर्षांच्या बोलण्यांनंतर 29 नोव्हेंबर 1970 ला आपल्या नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. आमच्याकडे मात्र दोन भाऊ एका सतरंजीवर बसेनात.

भांडण मिटवायची रीत बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात दिली आहे: आधी एकट्याने जाऊन बोला, मग एक-दोघांना घेऊन जा, त्यानंतर मंडळीपुढे न्या. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. पाहुण्या उपदेशकाला आधी सगळं सांगून ठेवलं आणि त्यांनी व्यासपीठावरून क्षमेवर संदेश दिला. सगळ्यांच्या माना त्या दोघांकडे वळल्या आणि दोघांनीही पुढचे चार महिने तोंड दाखवलं नाही. शेवटी मी रात्री जेवणं झाल्यावर एकेकाच्या ओट्यावर जाऊन बसायला लागलो. धुऱ्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो, कपाशीवर बोंडअळी किती आहे एवढंच विचारायचो. तीन महिन्यांनी दोघं एका सभेत बसले. आजही एकमेकांच्या घरी चहा घेत नाहीत, पण प्रभुभोजनाला येतात. तेवढं पुष्कळ झालं.

आता वेळेचं. बुधवार सायंकाळी साडेसात ही वेळ आमच्याकडे मिशनच्या काळापासून चालत आली होती. तेव्हा मंडळीतली बरीच माणसं पगारदार होती: मास्तर, कंपाउंडर, ड्रायव्हर, नर्सबाई. घंटा झाली की मिशनच्या कंपाउंडमधले सगळे बाहेर. आता आम्ही शेतकरी आणि शेतमजूर. जून-जुलैत पेरणी आणि डवरणी, ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणी, दिवाळीपासून पुढे कापूस वेचणी. हरभऱ्याला ओलीत, म्हणजे पाणी द्यायचं तर शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. वर रानडुकरं आणि रोही (नीलगाई), म्हणजे पिकात दाणा भरला की जागलीला जावंच लागतं. या माणसाला तुम्ही साडेसातला गुडघे टेकायला बोलावता. तो आला तरी पाच मिनिटांत घोरायला लागतो. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, ही गोष्ट बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत आहे. आमचं प्रार्थनामंदिर बैठं आहे म्हणून निभावलं.

आम्ही वर्षाला तीन वेळापत्रकं ठेवली. पेरणी ते पोळा, बुधवारी रात्री आठ. सोंगणी-वेचणीच्या दिवसांत बुधवार बंद, त्याऐवजी रविवारच्या उपासनेला जोडूनच अर्धा तास. उन्हाळ्यात पहाटे साडेपाच, अंगणात, कारण नंतर तापतं आणि पंखाही गरम हवाच फेकतो. जुन्या माणसांना 'सभा बंद' हा शब्द झोंबला, पण हजेरी दुपटीच्या वर गेली.

बायकांची गोष्ट वेगळी. वेचणी किलोवर असते, बसलेल्या वेळेचे पैसे जातात, घरी गेल्यावर चूल आहेच. महिला मंडळ दुपारी तीनला भरवायचं असं एका शहाण्याने ठरवलं होतं (तो शहाणा मीच). कोणी फिरकलं नाही. मग आमच्यातल्याच एका बाईंनी आपली वाट काढली. शेतात दुपारची भाकरी सोडायच्या आधी त्या तिघी-चौघी धुऱ्यावर बसून प्रत्येकीचा एक विषय घेऊन प्रार्थना करतात. पाच मिनिटं. पंचकमिटीने मंजूर न करता सुरू झालेला हा आमच्या मंडळीतला एकमेव कार्यक्रम, आणि अजून एकदाही बंद पडलेला नाही. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी महिलांचा जागतिक प्रार्थना दिन असतो, त्याची तयारीही याच बायका तिथेच धुऱ्यावर करतात.

सभा पन्नास मिनिटांच्या वर नेऊ नका. एक जुनं गीत, एक नवं, वचन, पाच-सात मिनिटं त्यावर बोलणं, बाकी सगळा वेळ प्रार्थनेला. जुनं गीत सोडू नका. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची (1861-1919) पदं आमच्या आज्यांना तोंडपाठ आहेत. वाचता येत नाही अशा आजीही अभंगाच्या चालीवर सुरू झाल्या की झांजा आपोआप हातात येतात. पोट्ट्यांना मोबाईलवरची हिंदी गाणी आणि गिटार पाहिजे असते, तीही असू द्या. दोन्हींमध्ये निवड करायला लावलीत की एक पिढी उठून जाईल.

पाळक नसताना वचनावर बोलायचं कोणी, हा प्रश्न आमच्यापुढेही होता. धर्मशास्त्र शिकवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 पासून यवतमाळलाच होती. माझ्या लहानपणी तिथले विद्यार्थी रविवारी आमच्या गावात यायचे, सायकली प्रार्थनामंदिराच्या भिंतीला टेकवून संदेश द्यायचे. 1983 ला सेमिनरी पुण्याला गेली आणि आमचे फुकटचे उपदेशक संपले. काही वर्षं आम्ही नुसतं गीत आणि आशीर्वाद म्हणून घरी जायचो. आता पाळी लावली आहे. ज्याची पाळी त्याने शास्त्रातला एक उतारा वाचायचा आणि त्यातलं आपल्याला काय कळलं नाही तेही मोकळेपणाने सांगायचं. पाळक आले की ते प्रश्न त्यांच्यापुढे. पहिल्यांदा बोलायला उठलेला आमचा ट्रॅक्टरवाला येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावर बोलला. खडकाळ जमिनीवर पडलेलं बी लवकर उगवून करपतं, हे त्याने बरड रानातल्या सोयाबीनवरून असं सांगितलं की माझ्या अकरा वर्षांतली सगळी भाषणं त्यापुढे फिकी.

लांब प्रार्थना करणारे एक गृहस्थ तुमच्याकडेही असतीलच. आमचे मामा उभे राहिले की पंधरा मिनिटं. उत्पत्तीपासून सुरुवात, मध्ये सूचना आणि शेवटाकडे प्रार्थनेतूनच टोमणे: "हे प्रभू, जे अर्पण देत नाहीत त्यांना तू सुबुद्धी दे." डोळे मिटूनही सगळ्यांना कळायचं कोण ते. त्यांना गप्प बसवू नका, माणूस तुटतो. आम्ही त्यांना सभेची सुरुवात करण्याचं मानाचं काम दिलं आणि बाकीच्यांसाठी एक माणूस, एक विषय, एक मिनिट असं ठरवलं. ज्यांना मोठ्याने प्रार्थना जमत नाही त्यांनी नुसतं नाव घ्यायचं: "माझ्या नातवासाठी." बाकीचे आमेन म्हणतात.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. शंभर पानी वही आणा. कोणी विषय सांगितला की तारीख घालून लिहा. आणि पुढच्या सभेत, पहिलं गीत झालं की लगेच, मागच्या पानावरचं एकेक नाव घेऊन विचारा: काय झालं त्याचं? आमच्या सभेत फरक कशाने पडला असेल तर या विचारण्याने. माणूस आपलं दुःख सांगतो, सगळे आमेन म्हणतात, आणि पुढच्या आठवड्यात कोणालाच आठवत नाही. असं दोनदा झालं की तो तिसऱ्यांदा सांगत नाही, चौथ्यांदा येत नाही.

एका आजींनी म्हैस गाभण राहत नाही म्हणून विषय दिला होता. मागे पोट्टे हसले. मी लिहून घेतलं आणि दर आठवड्याला विचारत राहिलो. वर्ष उलटून गेल्यावर एका बुधवारी आजी पातेलंभर खरवस घेऊनच आल्या. हसणाऱ्यांनी दोनदा घेतला. त्याच वहीत एका पोराचं नाव सलग अकरा पानांवर आहे. किडनीचा आजार होता, नागपूरला नेलं, वाचला नाही. त्या पानांवर आम्ही काही लिहिलं नाही, काही खोडलंही नाही. त्याची आई अजून सभेला येते, आणि कधी कधी वही मागून घेऊन ती पानं बघते.

आणखी एक. मंडळीतल्या एका भावाने तीन आठवडे एकच विषय दिला: "घरी जरा अडचण आहे." तीनदा तोच शब्द लिहिताना माझा हात थांबला. आपण विदर्भात राहतो, शेतकऱ्याच्या अडचणीचा शेवट कुठे होतो ते वेगळं सांगायला नको. त्याच रात्री आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. कृषी केंद्राची उधारी, थकलेलं पीककर्ज, आणि वर सावकाराचे. प्रार्थना केली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत बँकेत गेलो. कर्जाचं पुनर्गठन व्हायला दोन महिने हेलपाटे घातले. सावकाराचं अजून फिटलेलं नाही. पण त्या आठवडाभर त्याला रात्रीच्या ओलिताला आम्ही एकटं जाऊ दिलं नाही. वहीत 'अडचण' हा शब्द दुसऱ्यांदा आला की घरी जायचं, तिसऱ्यांदाची वाट बघायची नाही.

वहीचा धोकाही सांगतो, कारण चूक माझीच. एका मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांचा विषय मी सगळा तपशील लिहून मोठ्याने वाचला. "प्रार्थना करा बरं का" म्हणत तो तीन घरांतून फिरला आणि आठवड्यात होणाऱ्या सासरी पोचला. लग्न मोडलं नाही, पण मुलीच्या बापाने मला वर्षभर 'जय ख्रिस्त' म्हटलं नाही, आणि त्यात त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. तेव्हापासून आजार आणि सोयरिकीचे विषय असले की नुसतं नाव लिहितो. वही माझ्या घरी, कपाटात.

घरोघरच्या प्रार्थनेला चहाचा नियम आधी करा. आमच्याकडे एका घराने चहा-बिस्कीट दिलं, दुसऱ्याने चिवडा, तिसऱ्याने आलूपोहे आणि जिलेबी. चौथं घर मजुरीवर जाणाऱ्यांचं, त्यांनी पाळीच नाकारली. आता सगळीकडे फक्त चहा, आणि दूध नसेल तर कोरा.

पैशाबद्दल थोडक्यात: बँकेत खातं दोन सह्यांचं, आणि दर महिन्याचा जमाखर्च उपासनेनंतर सगळ्यांसमोर वाचायचा. हंगामाच्या सणाला अर्पणात आलेल्या कोंबड्या, तूर, भोपळे यांचा लिलाव होतो, तो आकडा तर त्याच दिवशी वाचा. आमच्या मंडळीत धुऱ्याखालोखाल भांडणं लिलावाच्या पैशावरून झाली आहेत. मिझोरममध्ये 1910 पासून घराघरांतल्या बायका स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. आम्ही तेच ज्वारीवर केलं. रोकड नसलेल्या घराचंही त्यामुळे अर्पण येतं, आणि ते धान्य मंडळीतल्याच दोन विधवांना जातं.

तुमची तरुण मुलं हायवेवरच्या नव्या फेलोशिपला (दुसऱ्या ख्रिस्ती गटाच्या सभेला) जातात असंही तुम्ही लिहिलंय. जाऊ द्या. त्यांच्याविरुद्ध व्यासपीठावरून बोललात की परतीचा रस्ता बंद होईल. तिथे त्यांना काय मिळतं ते विचारा. आमच्या पोरांनी सांगितलं होतं, "तिथं आमाले वाजवू देतात जी." आम्ही ढोलकी कपाटात कुलपात ठेवायचो.

शेवटी त्या चार-पाच म्हाताऱ्यांबद्दल. वार किंवा वेळ बदलायची असेल तर आधी त्यांच्या घरी जाऊन विचारा. मी पहिल्यांदा वेळ बदलली ती पंचसभेत ठरवून, आणि रविवारी उपासनेत जाहीर करून मोकळा झालो. आमच्या एका आबाजींना ऐकू कमी येतं. ते पुढचे तीन बुधवार नेहमीसारखे साडेसातला आले, दाराला कुलूप बघून पायरीवर बसले, एकट्यानेच प्रार्थना केली आणि काठी टेकत घरी गेले. मला हे चौथ्या आठवड्यात कळलं, तेही समोरच्या किराणा दुकानदाराकडून.