'सागिता मागिका' आणि मंत्राचं मराठी

प्रश्न असा आला आहे: 'नेगिमा' या मांगातला (जपानी चित्रकथेतला) छोटा जादूगार नेगी 'सागिता मागिका' म्हणत बाण सोडतो. ही लॅटिन आहे का? असे मंत्र मराठीत आणताना सरळ संस्कृत केले तर?

लॅटिनच आहे. 'सगित्ता' म्हणजे बाण. लॅटिनमध्ये तो स्त्रीलिंगी, म्हणून विशेषण 'मगिका'. जपानी उच्चारात 'त्ता'चं जोडाक्षर गळालं आणि 'सागिता' उरलं. आकामात्सु केन यांची ही मालिका २००३ ते २०१२ अशी चालली आणि तिच्यात लॅटिन जागोजागी आहे.

खरी गंमत छपाईत आहे. तिथे मंत्र दोनदा छापलेला असतो. मोठ्या कांजीत (चिनी मुळाच्या, अर्थ सांगणाऱ्या अक्षरांत) 'माहोऊ नो शाशु', म्हणजे जादूचा तिरंदाज. त्याला चिकटून बारीक काताकानात (उच्चार दाखवणाऱ्या जपानी लिपीत) 'सागिता मागिका', म्हणजे जादूचा बाण. डोळ्यांना तिरंदाज, कानांना बाण! लॅटिन तिरंदाज 'सगित्तारियुस', आपली धनु रास. हे चुकून झालं असं मला वाटत नाही. कांजीने अर्थाचा रंग द्यायचा आणि बारीक अक्षरांनी नाद, अशी ही वाटणी आहे. दोघांनी एकच बोललं पाहिजे असा तिथे दंडक नाही.

आता संस्कृत. मोह होतो हे कबूल. याच मांगात जादूगाराशी करार केलेल्या मुली हातात जादूचं कार्ड धरून 'अदेअत' म्हणतात की साधन प्रकट होतं, 'अबेअत' म्हटलं की जातं. इंग्रजीत याचं सहज नुसतं 'ये' आणि 'जा' होऊन बसेल. मराठीत मात्र 'येवो' आणि 'जावो' अगदी चपखल, कारण मूळ लॅटिन क्रियापद थेट हुकूम देत नाही; 'देव तुझं भलं करो' मधल्या 'करो'सारखं आहे. संस्कृतात तर 'अबेअत'ला सख्खा भाऊच सापडतो: 'अपैतु'. 'अब' आणि 'अप' एका कुळातले, धातूही एकाच कुळातला. 'अपैतु मृत्युः' असा वैदिक मंत्रच आहे.

तरीही मी संस्कृत करणार नाही. एक तर वेल्सहून आलेला दहा वर्षांचा नेगी 'अपैतु' म्हणाला की तो थेट सत्यनारायण सांगायला बसल्यासारखा वाटेल. पण मोठी अडचण वेगळीच आहे. जपानी मांगात संस्कृतची जागा आधीच भरलेली आहे. बौद्ध भिक्षू आणि तांत्रिक 'ओन… सोवाका' म्हणतात ना, ते आपलं 'ॐ… स्वाहा', चीनमार्गे जपानला पोचलेलं. लॅटिन म्हणजे पश्चिमेची जादू, संस्कृत म्हणजे देवळातली. नेगीलाही संस्कृत दिलं तर समोर एखादा भिक्षू उभा राहिल्यावर त्याला कुठली भाषा देणार?

म्हणून संवादाच्या फुग्यात 'सगित्ता मगिका!' तसंच ठेवावं आणि पहिल्या वेळी खाली बारीक टाइपात 'जादूचा बाण' द्यावं. फक्त 'त' दंत्यच लिहा. 'सॅजिटा' लिहिलंत तर ती इंग्रजीतून फिरून आलेली लॅटिन होईल. 'अदेअत'च्या खाली 'येवो'.